मोजणीदार फक्त उद्धट आहे

डॉक्टरला दात आवडत, कारण दातांना मतं नसतात. माणसांचं तिला वावडं होतं असं नाही. माणूस खुर्चीत आडवा पडला, त्याने आ वासला आणि गालात कापूस बसला, की तिचं त्याच्याशी छान जमे. मग मुंग्यांच्या वारुळापासून पुलांच्या खांबांपर्यंत मनात येईल ते ती सांगत सुटे आणि पेशंट "आं, आं" करत ऐकून घेई. जगातल्या सगळ्याच गप्पा अशा का नसतात, हे कोडं तिला लहानपणापासून पडलेलं होतं.

गेल्या वर्षी, सत्तेचाळिशीत, ते सुटलं. धाकट्या बहिणीने पाठ सोडली नाही म्हणून ती एका मानसतज्ज्ञाकडे गेली. त्याने बैठकांवर बैठका घेतल्या आणि शेवटी घसा खाकरून सांगितलं, की तुम्ही ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर आहात. "म्हणजे आपल्या भाषेत स्वमग्नता," त्याने हळुवार आवाजात समजावलं.

"स्वमग्न कसली? दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावते मी. स्वतःत मग्न व्हायला सवड कुठाय?" डॉक्टर म्हणाली. "आणि तुमचा डावा सुळा किडायला लागलाय. पहिल्या दिवसापासून बघतेय."

"तुम्ही माझ्या डोळ्यांत बघत नाही, हे माझ्याही लक्षात आलं होतं," मानसतज्ज्ञ म्हणाला, आणि नंतर सुळा दाखवायला तिच्याकडेच आला.

बातमी डॉक्टरने शांतपणे पचवली. धाकटीला मात्र ती चढली. धाकटी शाळेत भाषा शिकवायची आणि इमारतीच्या सभागृहात महिन्यातून एकदा वाचकमंडळ चालवायची. बहिणीचं निदान झाल्यापासून तिला एकही पुस्तक सरळ वाचता येईना. कादंबरीतला अबोल माळी दिसला, की धाकटी म्हणे, "हा आहे." चमचे एका रांगेत लावणारी आजी आली, "ही तर आहेच." महालाबाहेर न पडणारा राजा आला, तेव्हा ती पुस्तक मांडीवर आपटून म्हणाली, "शंभर टक्के." हळूहळू मंडळातल्या सगळ्यांनाच त्याची लागण झाली. अध्यक्षस्थानी एक निवृत्त न्यायाधीश होते, ते निकाल देत. औषधांच्या दुकानातल्या बाई लक्षणं मोजत. भूगोलाचे सर विरोधी मत मांडत, कारण कोणीतरी मांडायला हवं.

आणि मग मोजणीदार आला.

मोजणीदार हा जमिनी मोजणारा सरकारी माणूस. अकरा कादंबऱ्यांमध्ये त्याने खोल्या, जिने, खिडक्या मोजून खुनी पकडले होते. कोणाशी हात मिळवायचा नाही, कोणाच्या सांत्वनाला जायचं नाही. विधवेला तोंडावर सांगायचा, की बाई, तुमचं रडणं भिंतीपलीकडे ऐकू जात नाही, तेव्हा त्या रात्रीचं तुमचं किंकाळी ऐकल्याचं म्हणणंही खोटं. लोक त्याच्यावर जीव टाकत. पुढच्या सभेला प्रत्यक्ष लेखकच येणार होते आणि त्यांच्यासमोर मोजणीदाराचा निकाल लावायचा असं मंडळाने ठरवलं होतं.

"तू ये," धाकटी फोनवर म्हणाली. "तुझ्यावाचून अडलंय."

"कशाला?"

"मोजणीदार आहे की नाही, ते सांगायला."

"मला काय वास येतो का?"

"ताई, अगं तू आमच्यातली एकटीच अधिकृत आहेस. आम्ही सगळे नुसते अंदाज बांधतोय."

डॉक्टरला सभा आवडत नसत, पण काम अर्धवट करणंही आवडत नसे. तिने अकराही पुस्तकं आणली आणि ओळीने वाचून काढली. पहिलं संपता संपता तिला मोजणीदाराचा वैताग आला. चौथ्यापर्यंत त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटू लागली. हा गडी घरोघरी जाऊन लोकांचा पाणउतारा करतो आणि त्याला कधी काही सोसावं लागत नाही. कोणी त्याला नोकरीवरून काढत नाही, कोणी बोलणं टाकत नाही. चार खोल्या भरून माणसांशी बोलून येतो आणि तरी ताजातवाना. डॉक्टर एका बारशाला जाऊन आली तरी दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीत दिवा मालवून बसे.

पण त्याच पुस्तकांत आणखी एक जण होती. मोजणीदाराच्या मेलेल्या भावाची बायको, त्याचं घर सांभाळणारी. तिला लेखकाने नाव दिलं नव्हतं, नुसती वहिनी. वाचकांना खुनांच्या मध्ये हसायला काहीतरी हवं, म्हणून ती होती. दारावरची बेल वाजली, की वहिनी दाराआड उभी राहून बोलायचं वाक्य आधी पुटपुटून घेई. विनोदावर सगळ्यांचं हसून झालं, की मग हसे. पाहुण्यांना तेच तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारी. आणि मोजणीदाराने आगाऊ न सांगता माणसं घरी आणली, की मोरीत जाऊन, कडी लावून, नळ सोडून बसे. 'वहिनीची नळाची खोड' हा प्रत्येक पुस्तकातला हमखास विनोद होता.

सहाव्या पुस्तकात वहिनी दाराआड पुटपुटताना डॉक्टरने पुस्तक मिटलं. रोज सकाळी दवाखान्याच्या जिन्यात ती स्वतः "नमस्कार, कसं वाटतंय आता?" हे म्हणून बघत असे. ते कोणालाही ठाऊक नव्हतं. धाकटीलाही.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. लेखक सत्तरीचे, उंच, खादीच्या जाकिटातले. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि डॉक्टरचं पुढचं सगळं ऐकणं बिघडलं, कारण प्रत्येक 'स'ला त्यांची वरची कवळी टकटक वाजत होती.

"मोजणीदाराला तुम्ही काय म्हणताय ते ऐकलं मी," लेखक हसून म्हणाले. "मला त्यातलं काही कळत नाही. मी त्याला फक्त हुशार केला. हुशार माणसं अशीच असतात."

औषधांच्या बाईंनी लक्षणं वाचून दाखवली. भूगोलाच्या सरांनी विरोध नोंदवला. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपण आता डॉक्टरांचं मत ऐकू."

डॉक्टर उभी राहिली. बोलायचं ती घरून घोकून आली होती, त्यामुळे थांबली नाही.

"मोजणीदार ऑटिस्टिक नाही. तो फक्त उद्धट आहे."

सभागृहात कोणीतरी फुस्सकन हसलं. धाकटीने कपाळाला हात लावला.

"तुम्ही सगळ्यांनी त्याला पास केलंत, कारण तो तुसडा आहे आणि मोजमापं करतो. माझ्यासारखी माणसं अशीच असतात, असं तुमचं मत असेल तर माझ्यासमोर ते नको होतं सांगायला. या माणसाला कशाचा त्रास होत नाही. दिवसभर लोकांना डागण्या देतो आणि घरी जाऊन ढाराढूर झोपतो. माझ्या मते त्या पुस्तकांत दुसरं कोणी असेल, तर ती वहिनी."

"वहिनी?" दोघातिघांच्या तोंडून एकदम आलं.

"ती दिवसभर सगळं जमवून आणते. वाक्यं पाठ करते, हसायची वेळ साधते, आणि फारच झालं की नळ सोडून बसते. तुम्ही तिला हसलात. पुस्तकातही तिला हसतात."

लेखकांना गंमत वाटली. ते खुर्चीत मागे रेलले. "वहिनी कसली ऑटिस्टिक? अहो, ती सरळसाधी वेंधळी बाई आहे. मला चांगलं ठाऊक आहे. माझ्या बायकोवरूनच घेतलीय, जशीच्या तशी. नळासकट."

त्यांनी कौतुकाने मागे दाराकडे हात केला. मग एकेक मान मागे वळली. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीत एक बारीक चणीच्या बाई बसल्या होत्या. लेखकांसोबत आल्या होत्या, आल्या आल्या चहाचे कप लावायला लागल्या होत्या, आणि म्हणून सगळ्यांनी त्यांना इमारतीतल्याच कोणी समजून बिस्किटं कुठेत ते विचारलं होतं.

"कुठला नळ?" त्या म्हणाल्या.

"ह्यांचं लिहिलेलं मी वाचत नाही," त्यांनी न रागावता सांगितलं. "घरी ऐकते तेवढं पुरे होतं. नळाचं कुठे लिहिलंय?"

औषधांच्या बाईंच्या जिभेला हाड नव्हतं. "पहिल्या पुस्तकात. आणि मग सगळ्यांतच."

"सगळ्यांत," बाई म्हणाल्या आणि हातातले कप एकात एक रचले. लेखकांचा चेहरा उतरला होता. न्यायाधीशांनी सभा चहासाठी तहकूब केली. ती परत भरलीच नाही.

चहाच्या वेळी काहीतरी बोलायला हवं, एवढं डॉक्टरला कळत होतं. काय, ते कळत नव्हतं. बाईंच्या भोवती धाकटी आणि औषधांच्या बाई उभ्या होत्या, तिथे जागा नव्हती. मग ती लेखकांपाशी गेली आणि म्हणाली, "तुमची वरची कवळी सैल झालीय. 'स' म्हणताना वाजते. माझ्याकडे या, नवी करून देते." तिच्या लेखी ही माफी होती. लेखकांना ती तशी वाटली नसावी.

घरी जाताना धाकटी गाडीत उखडली. "भरसभेत एका जिवंत बाईचं निदान केलंस तू."

"मी पुस्तकातल्या बाईचं केलं. ती जिवंत आहे हे मला कोणी सांगितलंच नाही."

"पुस्तकातली माणसं कुठूनतरी येतातच ना, ताई."

"मग तू त्या राजाला, त्या माळ्याला, त्या आजीला पटापट छाप मारत होतीस, तेव्हा हा विचार कुठे होता?"

वाद डॉक्टरने जिंकला होता. पण तिला जिंकल्यासारखं वाटेना. तिचं स्वतःचं निदान बंद दाराआड झालं होतं, ती आपल्या पायांनी गेली म्हणून झालं होतं. त्या बाईंना ते भरल्या सभागृहात, हातात दुसऱ्यांचे कप असताना मिळालं. दोन दिवस डॉक्टर पेशंटशी मुंग्यांबद्दलही बोलली नाही.

तीनेक आठवड्यांनी लेखक दवाखान्यात आले. कवळी त्यांनाही छळत असणार. सोबत बायको होती आणि तिच्या हातात कापडी पिशवी. लेखक खुर्चीत बसले, कवळी काढून दिली आणि एकदम दहा वर्षांनी म्हातारे दिसू लागले. बाई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसल्या.

डॉक्टरने मापाचा लगदा कालवला, साच्यात भरला आणि लेखकांच्या टाळूला दाबून धरला. त्यांच्या तोंडातून "घ्ळ" असा आवाज आला.

"आता ह्यांना बोलता येणार नाही ना?" बाईंनी विचारलं.

"लगदा घट्ट होईपर्यंत नाही."

"किती वेळ लागतो?"

डॉक्टरने त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला किती हवाय?"

बाईंनी पिशवीतून पुस्तकं काढून मांडीवर घेतली. अकराच्या अकरा होती. पानापानांत केसांतल्या पिना खोचल्या होत्या. लेखकांनी डोळे फिरवून ते पाहिलं आणि खुर्चीचे हात घट्ट पकडले.

"वाचली," बाई नवऱ्याला म्हणाल्या. "चांगली लिहिता तुम्ही. मला वाटलं होतं त्याहून बरीच चांगली. खुनी मला फक्त दोनदा आधी कळला." त्यांनी एक पीन काढली. "हे बेलचं बरोबर आहे. मी पुटपुटते. हसण्याचंही बरोबर आहे. तुमच्या मित्रांचे विनोद मला पोचायला वेळ लागतो, कधी पोचतच नाहीत, तेव्हा मी तुमच्या तोंडाकडे बघून हसते. ते तुम्ही बघत होता, हे मला माहीत नव्हतं."

"घ्ळ," लेखक म्हणाले.

"नळाचं मात्र चुकलंय. खोड नाही ती. तुमची माणसं आली की सगळी एकदम बोलतात, भांडी वाजतात, कोणीतरी रेडिओ लावतं. पाण्याचा आवाज एकच असतो. तो ऐकला की बाकीचे लांब जातात. मग मी बाहेर येते आणि चहा टाकते." त्यांनी पीन परत पानात खोचली. "तुम्ही बाहेर उभे राहून ऐकत होता म्हणजे. अकरा पुस्तकं लिहिलीत. एकदा दार वाजवलं असतंत तर सांगितलं असतं मी."

लेखकांच्या डोळ्यांत पाणी आलं. लगद्याने येतंच, पुष्कळांच्या येतं. डॉक्टरने त्याचा वेगळा अर्थ काढला नाही. तिने साचा उचलला. माप एकदम स्वच्छ आलं होतं, दुसऱ्याची गरज नव्हती. तरी तिने पुन्हा लगदा कालवायला घेतला. लेखक तोंड मोकळं झाल्याचा फायदा घेऊन काही बोलणार, तोच दुसरा साचा आत गेला.

"मला तुमची माफी मागायचीय," डॉक्टर बाईंना म्हणाली. "त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"तुम्ही मला ओळखत नव्हता. ओळखत होते ते हे." बाईंनी नवऱ्याकडे बोट दाखवलं. "तुमचं ते ऑटिझमचं असेल, नसेल. या वयात तपासून घेऊन करू काय? बसमध्ये जागा मिळते का?"

"नाही."

"मग राहू द्या. पण एक सांगू का? मोजणीदाराचं तुमचं चुकलं."

डॉक्टरला हे अपेक्षित नव्हतं. "कुठे चुकलं?"

"तो घरी येऊन ढाराढूर झोपतो म्हणालात."

"लिहिलंच आहे तसं."

"कुठे?" बाईंनी पुस्तकांचा गठ्ठा पुढे केला. "शोधा. 'मोजणीदाराने आपल्या खोलीचं दार लावून घेतलं.' प्रत्येक पुस्तकात एवढंच आहे. पुढचं वाक्य सकाळचं असतं. झोपला असं कुठेही नाही. आत तो काय करतो ते ह्यांना काय ठाऊक? हे स्वतः उशीला डोकं टेकलं की घोरतात, त्यांना वाटतं जगात सगळे तसंच करतात. उद्या मोजणीदार आत जमिनीवर बसून रात्रभर फरशा मोजत असेल. तुम्ही त्याला झोपवून मोकळ्या झालात."

"पण तो त्या विधवेला काय बोलतो ते—"

"वाईट बोलतो. मला तो आवडतोच असं नाही. मी फक्त झोपेचं म्हणतेय."

डॉक्टरचा एक हात साच्यावर होता. दुसऱ्या हाताने तिने वरचं पुस्तक उघडलं, मग त्याखालचं, मग त्याखालचं. दार लावून घेतलं. सकाळी. दार लावून घेतलं. सकाळी. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. इतक्या बारकाईने वाचल्याची तिला घमेंड होती, आणि ती झोप तिने पदरची घातली होती. मोजणीदार तिला आवडला नव्हता, म्हणून त्याच्या खोलीत बघावंसंच तिला वाटलं नव्हतं.

"घ्ळ्ळ," लेखक कळवळून म्हणाले. त्यांचा लगदा केव्हाच घट्ट झाला होता. साचा काढताना डॉक्टरला चांगलाच जोर लावावा लागला.

तोंड धुऊन झाल्यावर लेखक बराच वेळ रुमालाने हनुवटी पुसत बसले. कवळीशिवाय त्यांचे शब्द बोबडे येत होते, तरी त्यांनी बायकोला विचारलं, "मी दार वाजवलं असतं, तर उघडलं असतंस?"

बाईंनी विचार केला. "लगेच नाही," त्या म्हणाल्या. "पण नळ बंद केला असता."

पुढच्या सभेत डॉक्टर आपण होऊन उभी राहिली आणि मोजणीदाराबद्दलचं आपलं मत मागे घेतलं. न्यायाधीशांना प्रकरण पुन्हा उघडल्याचा आनंद लपवता आला नाही.

"म्हणजे तो आहे, असं आपलं म्हणणं?"

"असू शकतो. दाराआडचं लेखकालाच माहीत नाही, तर आपल्याला कुठून असणार. पण उद्धट आहे, ते कायम."

"दोन्ही एकदम कसं?" भूगोलाच्या सरांनी हरकत घेतली.

"का? मी नाही का?"

यावर मात्र कोणीही हरकत घेतली नाही, आणि ते डॉक्टरला जरा लागलं.

लेखकांची बायकोही त्या सभेला होती, या वेळी पहिल्या रांगेत. चहाचे कप दुसऱ्यांनी लावले. ते चुकीचे लागलेत असं त्यांना सारखं वाटत होतं, पण त्या उठल्या नाहीत. तेव्हापासून मंडळी त्यांना काकू म्हणू लागली. धाकटीने पुस्तकातल्या माणसांवर छाप मारणं कमी केलं. बंद नाही केलं. अधूनमधून एखादा दीपगृहाचा रखवालदार भेटला, की तिचे ओठ हलत. मग ती काकूंकडे बघे आणि गप्प बसे.

मोजणीदाराची बारावी कादंबरी वर्षाअखेरीस आली. तीत वहिनी नव्हती. काकूंनीच नवऱ्याला बजावलं होतं, की मला आता त्या घरातून काढा, पुष्कळ झालं. लेखकांनी वहिनीला बहिणीकडे राहायला पाठवलं आणि मोजणीदाराला एकट्याने संसार करायला लावला. खुनी त्याला दीडशे पानांत सापडला. साखरेचा डबा शेवटपर्यंत सापडला नाही. वाचकांनी बोंब मारली, की पुस्तकातली मजा गेली. नव्या कवळीमुळे लेखकांची मुलाखत मात्र फार स्पष्ट ऐकू आली.

काकू आणि डॉक्टर आता आठवड्यातून एकदा भेटतात, दवाखाना बंद व्हायच्या वेळी. खुर्चीत कोणी नसतं, त्यामुळे डॉक्टरला सुरुवातीला बोलायला जड जातं. काकू तोवर पुस्तक काढतात. परवा त्यांचं कडाक्याचं भांडण झालं. एका कादंबरीतली सासू सुनेशी दोन वर्षं बोलत नाही. डॉक्टर म्हणाली, तिला शब्द सापडत नसतील. काकू म्हणाल्या, मूर्खपणा आहे, सापडतात सगळे, ती नुसती खाष्ट आहे, दुसऱ्या प्रकरणात दुधवाल्याशी बघा कशी चुरुचुरु बोलते. डॉक्टरने दुसरं प्रकरण उघडलं आणि चष्मा पुढे ओढला.